उजव्यात जीव नाही

राक्षस या विषयात मला कुणी काही शिकवू नये! तिपटूरच्या वाचनालयात मी उभी हयात काढली. पुराणांतले यच्चयावत राक्षस मला वंशावळीसह पाठ. कुणाचे सुळे कुठवर, कुणाचे डोळे कोणत्या रंगाचे, कोण गुरगुरतो आणि कोण नुसता बघतो, झोपेतून उठवून विचारा! म्हणून निवृत्तीनंतर ठरवलं, घराला दृष्ट लागू नये म्हणून टांगतात ते राक्षसाचे मुखवटे आपण करायचे. बाजारातले प्लॅस्टिकचे राक्षस सगळे एका साच्यातले. माझा राक्षस शास्त्रोक्त असणार!

अडचण एवढीच, की माझे राक्षस स्वभावाने चांगले निघायचे.

असं का होतं ते मला कधी कळलं नाही. भुवया ग्रंथात सांगितल्याबरहुकूम वळवायचो, सुळे काढायचो, जीभ लोंबवायचो. पण रंग वाळला की राक्षस असा बघायचा, जणू विचारतोय, 'आत आलो तर चालेल ना? की मागाहून येऊ?' पहिला बकासुर मी परसातल्या पेरूला टांगला. चार दिवसांत चिमण्यांनी त्याच्या उघड्या जबड्यात घरटं बांधायला घेतलं!

"हा बकासुर?" आमची बायको तुंगम्मा कमरेवर हात ठेवून म्हणाली. "अहो, याला मी पाटावर बसवून नाचणीचा गोळा वाढीन, वर सार घालीन! किती दिवसांचा उपाशी दिसतोय बिचारा!"

मी बकासुराला बादलीत भिजत घातलं. कागदाच्या लगद्याचं हे बरं असतं. त्याच लगद्याचा महिषासुर केला, तर तो नवरदेवासारखा लाजला. बादली! मग रावण. त्याच्या दहाही तोंडांवर मला क्षमायाचनाच दिसली. बादली!

"चौऱ्याऐंशी लक्ष योनी त्या बादलीतच आटपणार," तुंगम्मा म्हणायची. "आणि कपडे मी कशात भिजवू?"

अशात एके दिवशी दारात गुरुसिद्धप्पा उभे राहिले. खोबऱ्याचे मोठे व्यापारी. गावात त्यांचा आवाज आधी पोचतो, मग त्यांची मिशी आणि मग ते. नव्या तिमजली घराचं काम शेवटाला आलं होतं.

"मास्तर," ते म्हणाले. (ग्रंथपालाला काय हाक मारायची हे गावाला कधी ठरवता आलं नाही, म्हणून मी मास्तर.) "रस्त्यानं जाणारा प्रत्येक जण माझ्या घराकडे बघतो आणि 'अबब' म्हणतो! एकानं अबब केलं, विहिरीची मोटर जळाली. दुसऱ्यानं केलं, गवंडी शिडीवरून पडला. परवा तिसऱ्यानं केलं आणि माझी म्हातारी न्हाणीत घसरली! मला असा राक्षस पाहिजे, की कुणाची नजर माझ्या घरावर टिकता कामा नये! जमणार नसेल तर आत्ताच सांगा, बेंगळुरूहून आणतो. पण उद्या चारचौघांत माझं हसं झालं, तर..."

नुसता मिशीवरून हात फिरवला. वाक्य पुरं न करणाऱ्या माणसांची मला फार भीती वाटते.

"जमेल की!" कुणीतरी म्हणालं. बघतो तो मीच!

त्या दिवसापासून माझी झोप उडाली. आयुष्यात पहिल्यांदाच कुणीतरी माझ्याकडे आपणहून काही मागितलं होतं, आणि नेमका तो माणूस गुरुसिद्धप्पा! गृहप्रवेश तोंडावर आला, तरी माझी बादली भरलेलीच.

शेवटी पुस्तकं मिटली आणि तुंगम्माचा आरसा घेऊन बसलो. म्हटलं, स्वतःच उग्र तोंड करावं आणि ते बघून घडवावं. दात विचकले. आरशात दातदुखीचा रोगी दिसला. डोळे वटारले. बद्धकोष्ठाचा दिसला! इतक्यात आढ्यावरून एक पाल टपकन माझ्या मानेवर पडली आणि सरसर सदऱ्यात शिरली!

त्या क्षणी आरशात जे तोंड दिसलं ते मी जन्मात विसरणार नाही. डोळे खोबणीबाहेर, भुवया टकलावर, तोंडाचा हौद! बघूनच माझ्या अंगाला काटा आला. हाच! हाच तो! पाल बाहेर पडायच्या आत मी लगद्याला हात घातला.

मुखवटा रंगवून, शिंगं लावून ओसरीवर ठेवला. तुंगम्मा कॉफी घेऊन आली. तिनं मुखवट्याकडे पाहिलं मात्र, दचकून गर्रकन मागे वळली, पेला हातातून सुटला आणि ती तशीच आत गेली. एक टोमणा नाही! लग्नानंतर प्रथमच माझी बायको माझ्या कामापुढे निरुत्तर झाली होती. मी सांडलेली कॉफी आनंदाने पुसली.

गुरुसिद्धप्पा आचारी ठरवायला अर्सिकेरेला गेले होते. त्यांच्या मुनियप्पा गवंड्यानं दुपारीच मुखवटा नेला आणि गच्चीच्या कठड्याला बाहेरून तारेनं आवळून बांधला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्या घरासमोरच्या नंजेगौडाच्या हॉटेलात कॉफी घ्यायला बसलो. आयुष्यात प्रथमच रस्त्याकडे तोंड करून! मान वर केली, आणि तोंडाशी नेलेला पेला तसाच खाली ठेवला.

वर राक्षस नव्हताच. वर एक म्हातारा होता. मोठमोठे कान, टक्कल, नाकावर चष्म्याचा वळ. आणि तो कुणाला भीती घालत नव्हता हो! त्यालाच भीती वाटत होती! भयानक आणि भयभीत यांतला फरक मी साऱ्या गावाला समजावून सांगितला असता, आणि माझ्याच हातून हे झालं! शिंगं लावून मीच तिथं लोंबत होतो!

"मास्तर," गल्ल्यावरून नंजेगौड म्हणाला, "हा राक्षस मी कुठंतरी पाहिलाय बघा. गावातलाच आहे."

"गावातला? छे! पाताळातला आहे तो!"

"नाही, नाही. रोज बघतो मी याला. नाव अगदी ओठावर आहे..."

मी शाल कानांवरून ओढली आणि पैसे टाकून पळालो.

गुरुसिद्धप्पा संध्याकाळी परतणार होते. त्यांच्या घरावर भेदरलेला ग्रंथपाल टांगलाय हे त्यांना दिसलं, तर ते अर्धं वाक्य पुरं होणार! काहीही करून त्याआधी मुखवटा उतरवायला हवा. निदान भुवया तरी खाली आणायला हव्यात.

दुपारी गवंडी जेवून, तोंडावर टॉवेल टाकून घोरत पडले होते. मी शालीखाली तांबड्या रंगाचा डबा आणि कुंचला लपवून गच्चीवर चढलो. तार सोडायला गेलो. मुनियप्पानं ती अशी पिळली होती, की हत्तीही सुटला नसता. मग रंगच बदलू म्हटलं. पण मुखवट्याचं तोंड रस्त्याकडे, मी मागे. आधी नीट बघायला हवं ना! कठड्याला डमरूसारखे सिमेंटचे खांब होते. रंगाचा डबा कठड्यावर ठेवला, गुडघे टेकले आणि मुखवट्याशेजारच्या दोन खांबांमधून डोकं बाहेर काढलं.

डोकं गेलं. बघून झालं. डोकं येईना!

कान आडवे आले. मुखवट्याचे कान जरा मोठे झालेत अशी शंका मला सकाळपासून खात होती. ती शंका तिथं फिटली. मी धडपडलो, तसा वरचा डबा कलंडला आणि तांबडा रंग माझ्या टकलावरून नाकावर ओघळला. आणि त्याच वेळी खाली जीपचा कर्णा वाजला.

गुरुसिद्धप्पा! संध्याकाळचे दुपारीच आले! सोबत आचारी आणि काठी टेकत त्यांची आई निंगम्मा.

माझे डोळे खोबणीबाहेर आले. भुवया टकलावर गेल्या. तोंडाचा हौद झाला. आणि मी तसाच गोठलो.

"मुनियप्पा!" खालून डरकाळी आली. "मी एक मुखवटा सांगितला होता. मास्तरांनी दोन केले?"

मुनियप्पा डोळे चोळत बाहेर आला. "मालक, मी तर एकच बांधला... पण आता दोन दिसतायत खरे."

"उजव्याला शिंगं नाहीत," आचारी म्हणाला.

"अर्धवट राहिला असेल," नंजेगौड हॉटेलातून फडकं झटकत बाहेर आला. "डावा बघा, काय बोलका आहे! उजवा निव्वळ नक्कल. रंगसुद्धा धड लावलेला नाही, ओघळलाय."

"खरंय," गुरुसिद्धप्पा म्हणाले. "उजव्यात जीव नाही."

वाचकहो, माझं काय झालं असेल! माझ्या हातचं काम जिवंत आहे हे ऐकायला मी सारा जन्म तरसलो. ते ऐकायला मिळालं, ते माझ्याच चेहऱ्याशी तुलना करून! हसावं तर उजवा मुखवटा हसेल. रडावं तर रंग अजून ओघळेल.

गुरुसिद्धप्पा डाव्याकडे बघतच राहिले. मिशी थरथरली. आता वाक्य पुरं होणार! पण ते एकदम दचकले आणि गर्रकन मागे वळले. आचारी वळला. मुनियप्पा वळला. सगळे डोळे फाडून नंजेगौडाच्या हॉटेलाकडे बघू लागले.

"काय आहे तिथं?"

"काही नाही... पण वरचा तो एवढा कशाला बघून घाबरलाय?"

रस्त्यानं एक सायकलवाला चालला होता. त्यानं वर बघितलं, 'अब' म्हणाला, दुसरा 'ब' तोंडातच राहिला, आणि मागे वळून बघता बघता तो हॉटेलाच्या बाकड्यावर जाऊन आदळला!

तेव्हा कुठं मला तुंगम्माची सांडलेली कॉफी आठवली.

"वा! मास्तर, वा!" गुरुसिद्धप्पांनी मांडीवर थाप मारली. "पुरतं अबबसुद्धा होत नाही! माझ्या घरावर नजर टिकतच नाही कुणाची!"

"अहो, पण ती सगळी माझ्या हॉटेलावर जातेय!" नंजेगौड किंचाळला. आत त्याचं दूध उतू गेल्याचा वास आला. "हे बघा! लागली! लागली दृष्ट!"

"मुनियप्पा, डावा राहू दे. तो उजवा काढ आणि मास्तरांना परत देऊन ये."

मुनियप्पा हातोडी घेऊन निघाला. हातोडी! मी देवांना आठवू लागलो, पण भीतीपोटी सगळे राक्षसच आठवत होते. इतक्यात रंगाचा थेंब नाकात गेला आणि मी शिंकलो.

आचारी जीपखाली गेला. मुनियप्पा हातोडी टाकून रस्त्यापार झाला. आणि तिपटूरच्या बाजारपेठेला थरथर कापायला लावणारे गुरुसिद्धप्पा, ते थेट आपल्या आईच्या मागे लपले!

निंगम्मांनी डोळ्यांवर हाताची सावली धरून वर बघितलं.

"अय्या, मास्तर तुम्ही!" त्या म्हणाल्या. "जेवण झालं का?"

पुढचं फार सांगण्यासारखं नाही. तिपटूरच्या माणसाला डोकं अडकण्याची चिंता नसते. खोबरेल तेल इथं हवं तेवढं. गुरुसिद्धप्पांनी स्वतः माझ्या कानांवर तेलाचा डबा ओतला, कान सुळकन आत आले आणि ते म्हणाले, "मास्तर, माझं काय झालं ते बाहेर सांगितलंत, तर..." हेही वाक्य त्यांनी अर्धंच सोडलं. (म्हणून मी कुणाला सांगत नाही. फक्त लिहितोय.)

आता नंजेगौडाला हॉटेलासाठी तोच मुखवटा हवाय, आणि त्याच्या शेजारच्या शिंप्यालाही. पण मी निवांत बसून करतो तेव्हा पुन्हा तेच, 'मागाहून येऊ का?' वाले राक्षस! त्यामुळे हल्ली मी कामाला बसलो, की तुंगम्मा मागून पावलं न वाजवता येते आणि परात आपटते. कलेसाठी हो! तिचा उत्साह मात्र जरा जास्तच आहे.

परवा पुन्हा हॉटेलात बसून वर बघितलं. सगळे म्हणतात, मुखवटा उत्तम झालाय. माझं समाधान नाही. खांबांत अडकून मोजल्यावर आता स्पष्ट दिसतं.

कान लहान झालेत!