नमुना क्रमांक ६१३ चा संग्राहक

झाड जिवंत असतं तोवर ते नुसतं झाड असतं. मेलं, वाळलं आणि कागदावर चिकटलं की त्याला अस्तित्व येतं. उसांबाराच्या डोंगरातलं वनस्पतिसंग्रहालय हे अस्तित्व देण्याचं काम गेली साठ वर्षं अखंड करत आहे (उरलेलं वाळवी करते).

तिथे झैनाबू नमुने चिकटवते. एका तावावर एक झाड, उजव्या कोपऱ्यात चिठ्ठी. चिठ्ठीत उंची, उतार, माती, फुलाचा रंग, शेजारची झुडपं आणि संग्राहकाचं नाव. तेरड्याच्या कुळाचे सहाशे बारा नमुने आहेत. संग्राहक सगळ्यांवर डॉ. सिंगानो. डॉक्टरसाहेबांना कड्यावर चक्कर येते, म्हणून ते गाडीत बसून वहीत कड्याची उंची लिहितात. ओल्या कपारीत हात घालून फूल आणतो तो म्हातारा वाटाड्या. नियम स्वच्छ आहे: वही ज्याच्या हातात, तो संग्राहक.

त्या वर्षी डॉक्टरांचा गुडघा आखडला. वाटाड्या एकटाच गेला, वही घेऊन, आणि चौथ्या दिवशी कुणीच न पाहिलेला तेरडा घेऊन उतरला. तेरड्याचं फूल दाबलं की त्याचा लगदा होतो. म्हणून त्यानं पाकळी न् पाकळी पातळ कागदात पसरली आणि दाबफळ्यांवर स्वतः बसून मक्याच्या पिठाची घट्ट उगाली खाल्ली (वजन पुरेसं भरलं).

"पोरी, या खेपेला वही माझ्या हातात होती. आता चिठ्ठीवर मीच ना?"

"तुम्हीच, काका."

"नातीची शाळा येणाराय सहलीला. म्हणते कशी, आजोबा, तुम्ही नुसते रानात भटकता!"

पेच पडला. समिती बसली, चहा दोनदा झाला. ठराव असा: वही संस्थेची असल्याने ती कोणाच्याही हातात असली, तरी डॉ. सिंगानो यांच्याच हातात होती असे समजावे.

"माणूस मोलाचा आहे हो," डॉक्टर कळवळून म्हणाले, "पण चिठ्ठीत जागा कुठंय?"

जागा खरोखरच नव्हती. त्याच चिठ्ठीत गाडीचा नंबर मात्र बसला.

झैनाबूनं चिठ्ठी हुकमाबरहुकूम लिहिली. मग सगळ्यांत मोठं पान जिथे बसणार होतं, तिथे पेन्सिलीनं म्हाताऱ्याचं नाव लिहिलं, आणि वर पान चिकटवलं.

सहलीच्या दिवशी म्हातारा तावावर वाकला. "कुठंय गं?"

"पानाखाली, काका."

"अगं, मग दिसणार कसं?"

"दिसत नाही म्हणून तर कुणी खोडणार नाही."

म्हाताऱ्यानं त्या पानावर बोट ठेवलं. मग नातीला म्हणाला, "बघ, तिथं आहे."

नातीनं डोळे बारीक केले. "मला तर नुसतं पानच दिसतंय, आजोबा."

चिकटवलेलं पान उचलून पाहण्याची सोय संग्रहालयात आहे. अर्ज तीन प्रतींत करावा लागतो; आजवर एकही आलेला नाही. आपल्यापैकी ज्यांना म्हाताऱ्याबद्दल वाईट वाटलं असेल, त्यांनी तो जरूर करावा. फक्त 'कोणाचे नाव पाहायचे आहे' हा रकाना कोरा सोडू नये. नाव माहीत नसलेल्यांचे अर्ज घेतले जात नाहीत.