बोरकुटे काकांचा निळा

बोरकुटे काकांच्या घरी गेलेल्या माणसाला पाण्याच्या आधी चित्र मिळतं. भेट म्हणून नाही, धरायला. संध्याकाळी पाचच्या सुमारास त्यांचं दार वाजवलं की काका एक मोठा कॅनव्हास तुमच्या हातात देतात आणि खोलीच्या टोकाला उभं करतात. स्टँड घरात आहे, पण त्याच्यावर टॉवेल वाळतात. "स्टँडवर चित्र मेल्यासारखं उभं राह्यते," असं त्यांचं म्हणणं. "माणसानं धरलं की श्वासाबरोबर थोडं हलते. तेव्हा त्याचा खरा स्वभाव दिसते." गॅसवाला, मतदार यादीवाल्या बाई, कुणालाही सुटका नाही. नळ दुरुस्त करायला आलेल्या माणसाला त्यांनी वीस मिनिटं तळ्याचं चित्र धरायला लावलं होतं. तोवर स्वयंपाकघरात खरं तळं झालं.

खुर्चीत काकू बसतात. त्या निवृत्त गणिताच्या शिक्षिका. काका त्यांच्या खुर्चीमागे उभे राहून विचारतात, "काय म्हणता, बाई?" आणि काकू निकाल देतात. तो अंतिम असतो.

मी त्या घरात गेले ती आईमुळे. शहरातल्या एका गॅलरीनं काकांच्या आजवरच्या चित्रांचं प्रदर्शन ठरवलं होतं, आणि त्यासोबतच्या पुस्तिकेसाठी कुणीतरी इंग्रजीत लिहायला हवं होतं. आईनं मला न विचारता माझं नाव सांगितलं. माझी सगळी शाळा इंग्रजीत झाली. घरी आई मराठीत बोलते, मी हिंदीत उत्तर देते, आमच्या या हिंदी मुलखात बऱ्याच मराठी घरांत असंच चालतं. पहिल्या दिवशी मी घसा साफ करून विचारलं, "अंकल, आपने पेंटिंग कब शुरू की?" काका म्हणाले, "हिंदीत विचारशील तर सांगीन. पण खोटं सांगीन."

म्हणून मी मराठीत विचारायला लागले. चुकत, अडखळत. काका चुका सुधारत नसत, फक्त खूश होत.

त्यांची सुरुवात आमच्याच शहरातल्या पंडरीच्या कापडबाजारात दुकानांच्या पाट्या रंगवण्यापासून झाली. पाटीवर साडी नेसलेली बाई असायची आणि तिच्या साडीचा काठ काका धाग्याधाग्यानं काढायचे. गिऱ्हाईक आत येऊन नेमका तोच काठ मागायचं, आणि तसला काठ दुकानात काय, जगातच नसायचा. शेटजी चिडायचे. पुढे छापील फ्लेक्स आले, पाट्या संपल्या, आणि काका कॅनव्हासकडे वळले. तळी, धानाची शेतं, पिंपळ. लोंबीवरचं प्रत्येक कुसळ, पिंपळाच्या पानावरची प्रत्येक शीर. "मोजून घे," ते पाहुण्यांना सांगत. एकदा काकूंनी खरंच मोजलं होतं म्हणे, आणि एका फांदीवर तीन पानं जास्त निघाली होती.

मग गेल्या काही वर्षांत हे सगळं हळूहळू गेलं. आधी शिरा गेल्या, मग पानं, मग फांद्या. आता त्यांच्या चित्रांत दोन-तीन रंगांचे मोठे पट्टे असतात, अंगणाएवढे रुंद. हे कसं झालं, यावर काकांकडे माणशी एक उत्तर होतं. एका पत्रकाराला त्यांनी सांगितलं, गुडघे दुखतात, पानं काढायला बसवत नाही. गॅलरीच्या बाईंना सांगितलं की वय झालं की चित्रानंही कमी बोलावं; त्यांनी ते लगेच लिहून घेतलं. माझ्या बाबांना म्हणाले, बारीक ब्रश भेटून नाही राहिले बाजारात.

मी माझ्या मसुद्यात 'तपशिलाकडून साराकडे झालेला प्रवास' अशा अर्थाचं काहीतरी लिहिलं आणि त्यांना मराठीत समजावून सांगितलं. त्यांनी नीट ऐकून घेतलं.

"कोन गेला होता या प्रवासाले?" त्यांनी विचारलं.

शेवटी मी चित्रांचे फोटो टेबलावर ओळीनं मांडले आणि एकेकाचं वर्ष विचारायला लागले. काकांना वर्षं आठवत नव्हती. पानं नसलेल्या पिंपळाच्या फोटोवर बोट ठेवून ते म्हणाले, "हे तिचं पह्यलं ऑपरेशन झालं तेव्हाचं." त्याच्या पुढचं, फक्त खोडाचं, "दुसऱ्या डोळ्यात इंजेक्शन देऊन राहिले होते तेव्हाचं." त्याच्याही पुढचं, "डॉक्टर म्हणाले, आता काही होत नाही, तेव्हाचं."

मी पेन खाली ठेवलं. काकूंच्या साखरेनं डोळ्यांचे पडदे खराब केले होते, हे मला माहीत होतं. पण हा हिशेब मला कुणी सांगितला नव्हता.

"एक दिवस पिंपळ समोर धरला," काका म्हणाले, "तर मले म्हणते, झाड कुठी आहे? मंग मी पानं काढून टाकली. तेव्हा तिले दिसलं. जेवढं तिले दिसते तेवढंच काढतो मी. बाकीचं काहून काढू?" थोड्या वेळानं ते म्हणाले, "हे लिहू नको. आणि ज्या दिवशी तिले काहीच दिसणार नाही, त्या दिवशी मी ब्रश धुवून ठेवून देईन. हेही लिहू नको."

प्रदर्शनासाठी एकच चित्र बाकी होतं, पिवळ्या-निळ्याचं. त्या दिवशी मी गेले तेव्हा काका आत हात धूत होते. काकूंनी नेहमीप्रमाणे हळूच विचारलं, "आज कोणता रंग लागला यायच्या बोटाले?" मला ही बायकोची साधी चौकशी वाटायची. मी सांगितलं, पिवळा वर, खाली निळा.

काकांची चित्रं भिंतीकडे तोंड करून उभी असतात. सिलतऱ्याच्या कारखान्यांकडून येणारी काळी धूळ ताज्या रंगावर बसू नये म्हणून. रंग पाहायला मी ते चित्र माझ्याकडे वळवलं होतं; तसंच उचललं, खोलीच्या टोकाला गेले आणि वळले. माझ्या नाकासमोर पिवळा रंग होता. म्हणजे काकूंच्या बाजूला नुसतं मागचं कोरं कापड आणि लाकडी पट्ट्या. मी चित्र फिरवणार तेवढ्यात काकांनी बाहेर येऊन विचारलंही, "काय म्हणता, बाई?"

काकू पुढे वाकल्या. पाहिल्यासारखं केलं. "पिवळा चांगला उतरला," त्या म्हणाल्या. "निळा मात्र थोडा जास्त झाला."

मी कॅनव्हासच्या कडेवरून काकांकडे पाहिलं. ते काकूंच्या खुर्चीमागेच उभे होते; मला दिसत नव्हतं ते कोरं कापड त्यांना समोर दिसत होतं. त्यांनी मला हातानं खूण केली, राहू दे. मला वाटलं, आता ब्रश धुवायला जातील.

"हव," ते म्हणाले. "मलेही तसंच वाटून राहिलं होतं. उद्या कमी करतो."

दुसऱ्या दिवशी मी गेले, तर त्यांनी निळा खरंच कमी केला होता. जवळजवळ निम्मा. काका आत होते, नळाचा आवाज येत होता. काकूंनी विचारलं, आज काय?

मी सांगितलं, निळा कमी केलाय, तुम्ही म्हणालात तसा.

"कमी केला?" त्या खुर्चीत ताठ बसल्या. "अगं, उगाच म्हटलं होतं मी. रोज सगळं चांगलंच म्हटलं तर यायले शंका नाही येणार का? एकदा समजलं की हात लावणार नाहीत रंगाले." मग जरा खाली आवाजात, "चांगला असन गं तो निळा."

"चांगला होता," मी म्हणाले.

त्यांनी माझा हात धरून मला शेजारी बसवलं. "सांग मंग नीट. कडेपासून सांग."

नळ अजून चालू होता. मी वरच्या डाव्या कोपऱ्यापासून सुरुवात केली.