पंचायत कुठे नेली?

आबाजी गेल्यावर महिनाभराने त्यांच्या मुलीने, साधनाने पडवीतली पाटी उतरवली. पत्र्याच्या त्या पाटीवर 'ग्रामपंचायत कार्यालय' असं लिहिलं होतं. पुनावळे महापालिकेत गेलं, पंचायतीची इमारत रस्त्यात गेली, तेव्हा शेवटचे सरपंच म्हणून आबाजींनी ती घरी आणून लावली होती. पुढे मरेपर्यंत ते रोज तिच्याखाली खुर्ची टाकून बसले.

आता आबाजी नव्हते. पण समोरच्या टॉवरमधले लोक पाटी वाचून पाण्याच्या, कुत्र्यांच्या तक्रारी घेऊन यायचे, बेल वाजवायचे आणि 'साहेब नाहीत' ऐकून निमूट परत जायचे. आईला दुपारी डोळ्याला डोळा लागत नव्हता. वाकडला आपल्या घरी परतण्याआधी साधनाला एवढं एक मिटवायचं होतं.

तिने पाटी रिक्षात घातली आणि महापालिकेचं कार्यालय गाठलं.

"ही जमा करायची आहे."

कारकुनाने पाटी दोनदा वाचली. "ही पंचायत आता नाहीये, मॅडम."

"म्हणूनच आणली."

"नसलेल्या पंचायतीची वस्तू आम्ही कशी घेणार? पंचायतीचा ठराव लागेल."

"पण पंचायतच नाही ना."

"मी तेच म्हणतोय."

आपलं नेमकं कुठे चुकलं हे न कळून ती भंगारवाल्याकडे गेली. "सरकारी माल नको, ताई," म्हणत त्याने हात मागे घेतले.

ती पाटी घेऊन परतली, तर पडवीत अर्जुनराव उभे. आबाजींकडून निवडणूक हरल्यापासून या माणसाने घराची पायरी चढली नव्हती. भांडणं व्हायची तीही रस्त्यावरून. अंत्यदर्शनालाही रस्त्यावरूनच हात जोडले होते.

"पंचायत कुटं नेली?" त्यांनी विचारलं.

"अर्जुनकाका, पंचायत म्हणजे चोरांचं दुकान, असं तुम्हीच म्हणायचात."

"व्हय. आजबी म्हंतो. पर म्हनायला दुकान पायजे का नको?"

"महापालिका आहे की."

"तिला शिव्या घातल्या तर कुनाला ऐकू जात्यात तिथं? तुझा बाप खुर्चीतनं उठून भांडायचा."

अर्जुनरावांनी तिच्या हातातली पाटी घेतली आणि खिळ्याला अडकवली.

तेवढ्यात टॉवरमधली मिनल फाटकाशी आली. "काका, कालपासून पाणी नाही. कुणाला सांगायचं?"

अर्जुनरावांनी मागे पाहिलं. तिथे कुणीच नव्हतं, रिकामी खुर्ची होती. ते तिच्यात बसले.

"सांग पोरी. पर आदीच सांगतो, ह्या पंचायतीकडनं काय व्हनार न्हाई."

"मग बसलाय कशाला?" मिनलने विचारलं.

साधना घाईने आत गेली. कौशल्याबाई पलंगावर बसल्या होत्या. "आई, काय करू? हे आता रोज येणार. तुला झोप कशी मिळेल?"

"येऊ दे," कौशल्याबाई म्हणाल्या. "म्हैना झाला, ह्या घरात कुनी भांडलं न्हाई. झोप लागंल कशी?"

पडवीत आवाज चढत गेले. मिनलची तक्रार अजून पुरी व्हायची होती, तोवर कौशल्याबाई घोरू लागल्या.