बारा वाव पाणी

हरबा तांडेल पहिल्यांदा शाळेत आला तो सरळ भिंतीला चिकटला. मी पालीहून बदली होऊन आलेला लोकल बोर्डाचा मास्तर, कामाचा पहिलाच दिवस, आणि व्हरांड्यात एक उघडाबंब म्हातारा भिंतीला छाती लावून, दोन्ही हात आडवे ताणून उभा. उजव्या हाताचं मधलं बोट जिथं टेकलं तिथं डावं बोट ठेवून पुन्हा हात पसरले. असं चारदा झालं. मग माझ्याकडे ढुंकूनही न बघता म्हणाला, "चार वाव. बरी हाय," आणि तरातरा निघून गेला. मी मनाशी म्हटलं, चला, या गावचा वेडा पहिल्याच दिवशी भेटला.

तो वेडा नव्हता. दिवेआगरच्या अलीकडच्या त्या कोळीवाड्यातला तो सगळ्यात नावाजलेला तांडेल होता. तांडेल म्हणजे होडीचा म्होरक्या. सुकाणू त्याच्या हातात आणि बाकीच्या खलाशांनी त्याचं ऐकायचं. आणि वाव म्हणजे दोन्ही हात पसरल्यावर या बोटापासून त्या बोटापर्यंतचं अंतर. शिशाचा गोळा बांधलेली दोरी पाण्यात सोडायची, तळ लागला की हात पसरत पसरत ती वर ओढायची. जितक्यांदा हात पसरले तितके वाव पाणी.

हरबाला मोजायला समुद्र पुरत नसे. घटकाभर स्वस्थ बसणं त्याच्या कुंडलीत नव्हतं. वाटेत कुणाची विहीर दिसली, मोज. लग्नाचा मांडव घातला, मोज. एकदा शाळातपासनीस साहेब आले तर त्यांच्या टांग्याला हा हात पसरून भिडला. साहेबांना वाटलं वाट अडवतोय. बोर्लीच्या बाजारात कापडवाल्याच्या लोखंडी गजावर त्याचा कायमचा राग. "ह्यो गज कुनाच्या हाताचा?" असं तो दर खेपेला विचारी, आणि उत्तर मिळालं नाही की कापड न घेताच परत. मी त्याला शाळेची फूटपट्टी दाखवली.

"ही कुनाच्या हाताची?"

"विलायतेच्या राजाची म्हणा हवं तर."

"त्यो कदी जाळं सोडाया आलता?"

डोळा खोटं बोलतो, हात न्हाय, हे त्याचं ठरलेलं वाक्य. ते झालं की स्वारी उठलीच.

घरी त्याचं स्वतःचं असं कुणी नव्हतं. बायको लवकर गेली, मूलबाळ नाही. मेलेल्या भावाचा मुलगा पांडू त्यानंच वाढवला. तो आता चांगला तिशीचा, उंचापुरा, याच्याच होडीवर खलाशी. पण हरबानं त्याच्याशी दोन शब्द गोड बोललेले कुणी ऐकले नव्हते, की कधी पाठीवर हात ठेवलेला पाहिला नव्हता.

त्या वर्षी नारळी पौर्णिमेनंतर होडी पाण्यात लोटताना हरबाचा उजवा खांदा लचकला. तेल झालं, शेक झाला. पंधरा दिवसांनी खांदा बरा झाल्याचं त्यानंच जाहीर केलं आणि सुकाणू धरलं. त्याच्या बापानं शोधलेली एक जागा होती. देवळाचा कळस पाठीशी धरून सरळ बाहेर जायचं, बारा वाव पाणी लागलं की जाळं सोडायचं. तिथं तळाला मऊ चिखल. अलीकडे सगळा खडक. दोन वेळा हरबानं बारा वाव मोजून जाळं सोडलं आणि दोन्ही वेळा ते खडकावर फाटून वर आलं. विणायला अख्खा पावसाळा गेलेलं जाळं. खलाशी कुजबुजायला लागले की म्हाताऱ्याकडून सुकाणू काढून घ्या.

तिसऱ्या दिवशी हरबा शाळेत आला.

"मास्तर, सरकारला लिवा. दर्या गावाच्या अंगावर येतोय. बारा वाव आता आदीच लागतंय."

"भरती असेल."

"भरती मना शिकवू नका. ती वजा करूनच सांगतोय."

"पण साहेब पुरावा मागतील, तांडेल."

"पुरावा ह्यो," म्हणून त्यानं हात पुढे केले. "ही भिंत चार वाव. मोजून दावतो."

तो भिंतीला चिकटला. डावा हात सरळ ताणला गेला. उजवा कोपरात वाकलेलाच राहिला, आणि त्याला ते कळतही नव्हतं. एक, दोन, तीन, चार. भिंत अर्धा वाव शिल्लक. तो दुसऱ्या टोकाला गेला आणि उलटं मोजत आला. पुन्हा अर्धा वाव.

मला राहवलं नाही. म्हटलं, "गणपतीच्या सुट्टीत शाळा वाढवली."

त्यानं त्या जुनाट, शेवाळलेल्या भिंतीवरून हात फिरवला. "मास्तर, खोटं बोलाया येत न्हाय तुमाला."

मग तो पायरीवर बसला. म्हणाला, "दोनी येळा जाळं मीच फाडलं, व्हय?" मला फार वाईट वाटत होतं, आणि एरवी या माणसाला हसत होतो याची लाजही.

दुसऱ्या दिवशी रविवार. खलाशी आज हरबाला तोंडावर सांगणार हे कळलं होतं, म्हणून मी किनाऱ्यावर गेलो. पण कुणी तोंड उघडायच्या आत हरबानंच शिशाची दोरी पांडूच्या खांद्यावर टाकली.

"आजपासून तू मोज. माज्या हाताचं बारा तुज्या हाताला चालायचं न्हाय. हात पसर."

पांडूनं हात पसरले. हरबा त्याच्या छातीला छाती लावून उभा राहिला आणि आपला धडधाकट डावा हात त्यानं पांडूच्या उजव्या हातावर ताणून धरला. बोटांची टोकं पाहिली.

"दोन बोटं जास्त. म्हंजी दोनी हातांची मिळून चार. तुला तिथं साडेअकरा लागंल. साडेअकराला सोड."

माप झालं होतं. सगळ्यांनी ऐकलं होतं. तरी हरबा बाजूला झाला नाही. त्याचा डावा हात पांडूच्या हातावरून खाली आला, जरा घुटमळला आणि पुतण्याच्या पाठीवर जाऊन राहिला. खलाशी एकदम शिडाच्या दोऱ्या तपासायला लागले. पांडू मात्र तसाच दोन्ही हात आडवे पसरून उभा होता. खाली घे म्हणून काकानं अजून सांगितलं नव्हतं.