लता सिस्टरांचा चारचाकी पेशंट

बॉनेटवर ओल्या पट्ट्या ठेवून गाडीचा ताप उतरवणारी एकच बाई मला माहीत आहे. आमच्या शेजारच्या लता सिस्टर.

सिस्टरांनी सगळी नोकरी नेवाशाच्या सरकारी दवाखान्यात काढली. रिटायर झाल्या, पण पेशंट बघणं सुटलं नाही. त्यांच्या घरातल्या मिक्सरला दमा आहे. आमच्या पाण्याच्या मोटारीला त्यांनी एकदा सक्तीची विश्रांती सांगितली होती. मोटार जळली होती, हे नंतर कळलं. "मग विश्रांतीच की," सिस्टर म्हणाल्या.

मागच्या उन्हाळ्यात त्यांची गाडी रुसली. बटणाची गाडी, ब्रेकवर पाय ठेवून बटण दाबलं की सुरू होणारी. सिस्टर ब्रेक दाबायच्या, बटण दाबायच्या आणि समोरच्या पडद्यावर सूचना यायची, 'ब्रेक दाबा.'

"दाबलाय की!" सिस्टर पडद्यावर खेकसायच्या.

गॅरेजात नेली की मात्र गाडी पहिल्या झटक्यात सुरू. बबन मेस्तरीने मशीन जोडून पाहिलं. "सिस्टर, काहीच दाखवीत न्हाई."

"डॉक्टर दिसला की दुखणं पळतंच. आधी हिस्टरी घ्या."

हिस्टरी शेवटी त्यांनीच घेतली. त्रास सकाळी कमी, दुपारी जास्त. निदान झालं: ऊन लागलं. म्हणून त्या पट्ट्या. बरेच दिवस पट्ट्या चालल्या. गुण आला नाही.

एकदा त्यांचं पडद्याशी भांडण चालू असताना मी गाडीच्या मागून चाललो होतो. म्हटलं, "सिस्टर, मागचा लाल दिवा लागत नाही."

"ब्रेक तर दाबलाय!"

"तरी नाही."

"आता?"

"नाही. हां, लागला! गेला."

सिस्टर उतरल्या. चेहऱ्यावर वॉर्डातला गंभीरपणा. "संवेदना गेलीय. पाय दाबतोय, पन वर कळतच न्हाई. नस बघायला पायजे."

मग त्या टॉर्च घेऊन स्टिअरिंगखाली उताण्या शिरल्या. पाय दाराबाहेर. त्या पेडलवरच्या वायरी हलवत होत्या, मी मागून "लागला, गेला" ओरडत होतो. समोरच्या काकू धावत आल्या. "अगं बाई, सिस्टरांना काय झालं?"

"मला काय न्हाई झालं!" आतून आवाज आला. "नस सापडली!"

बबन मेस्तरी आला. पेडलच्या वर, पाय दाबल्याची खबर देणारा छोटासा सेन्सर असतो, तोच गेला होता. सिस्टरांनी त्याला आधी साबणाने हात धुवायला लावले. त्याने मुकाट्याने धुतले आणि नवा सेन्सर बसवला. गाडी सुरू झाली.

"डिस्चार्जच्या आधी एक राउंड मारू," म्हणत सिस्टरांनी मला शेजारी बसवलं आणि शिंगणापूरच्या रस्त्याला गाडी घातली. पुढे कडब्याने भरलेला ट्रॅक्टर होता. तो अचानक थांबला. माझा उजवा पाय आपोआप खाली दाबला गेला. तिथे नुसतीच मॅट होती. सिस्टरांनी गाडी व्यवस्थित थांबवली आणि माझ्या पायाकडे पाहिलं.

"सॉरी, सिस्टर. भरवसा आहे तुमच्यावर."

ट्रॅक्टर गेला. सिस्टरांनी गाडी हलवली नाही.

"आमचे हे असाच दाबायचे," त्या म्हणाल्या. "गाडी चालवता यायची न्हाई, पन तिथं बसून सगळा रस्ता ब्रेक. मला लई राग यायचा. एकदा म्हनलं, उतरा, चालत या. तर उतरले बी."

सिस्टरांचे यजमान जाऊन तीन वर्षं झाली होती. त्यांच्याबद्दल त्या कधी बोलत नसत.

"मग?"

"मग काय? म्होरं जाऊन थांबले मी. आले चालत, घाम पुसत. बसले. आन् परत पाय."

मागून कुणीतरी हॉर्न दिला. गाडी निघाली. मी दोन्ही पाय सीटखाली ओढून घेतले होते. काही अंतर गेल्यावर, रस्त्यावरची नजर न काढता सिस्टर म्हणाल्या, "ठेवा पाय म्होरं. दाबायचा तर दाबा. मी काय म्हननार न्हाई."

पुढच्या वळणावर मी पाय दाबला. काही गरज नव्हती, रस्ता मोकळा होता. सिस्टरांनी गाडी जराशी हळू केली.