सहाशे तेरानंतरचं काम

तयार प्रोग्राम आणून बसवणं हे परावलंबन आहे, असं कार्यालयाचं धोरण होतं. त्यामुळे प्रत्येक प्रोग्रामचा मूळ कोड आणून तो कार्यालयातल्याच संगणकावर कंपाइल करून त्यातून चालता प्रोग्राम घडवण्यात येई. म्हणजे खुर्ची हवी असेल तर लाकडापासून सुरुवात. या खेपेच्या सहाशे चाळीस प्रोग्रामांना तीन दिवस लागणार होते. कार्यालयाच्या वेळेत काम चालू असताना जागा सोडायची नाही, असा नियम असल्यामुळे तंत्रज्ञ तीन दिवस पडद्यावरून सरकणाऱ्या ओळी बघत बसला होता.

शुक्रवारी दुपारी तीन वाजता, सहाशे तेरावा प्रोग्राम झाला आणि साहेबांनी आपला मोबाइल चार्ज करण्यासाठी संगणकाचा प्लग काढला. घटनेची नोंद 'तांत्रिक कारण' अशी करण्यात आली.

तंत्रज्ञ डगमगला नाही. काम कुठवर आलंय हे संगणकाला ठाऊक होतं. एक आज्ञा दिली की सहाशे चौदापासून पुढे, आणि तासाभरात सुट्टी. सहा वाजता लेकीचं शाळेतलं नाटक होतं. आधीची दोन त्याने बुडवली होती. सकाळी ती दारात उभी राहून म्हणाली होती, "बाबा, या वेळी मी झाड नाहीये. मला वाक्यं आहेत."

"थांबा," हेडक्लार्क बाई म्हणाल्या. "काम पुढे चालू करायचा अर्ज आपल्याकडे नाही. नव्याने सुरू करायचा आहे."

"अहो, पण सहाशे तेरा झालेत!"

"ते खंडित झालेत. खंडित म्हणजे झालेलंच नाही. आणि जे झालंच नाही, ते पुढे कसं नेणार? सांगा बरं."

तंत्रज्ञाने घड्याळाकडे पाहिलं.

"नव्याने सुरुवात केली की कसं प्रसन्न वाटतं," साहेब म्हणाले, आणि त्यांनी झालेले सहाशे तेरा पुसून टाकायचा आदेश तोंडी दिला. सुदैवाने पुसण्यासाठीही लेखी मंजुरी लागत होती. ती तयार होईपर्यंत तंत्रज्ञाने नव्या कामाचा अर्ज भरला. स्वरूप: नवीन. एकूण प्रोग्राम: सत्तावीस.

बाईंनी अर्ज दोनदा वाचला. "हे मात्र नवीनच दिसतंय," असं म्हणून त्यांनी शिक्का मारला. साहेबांनी संगणकापुढे फीत कापली आणि चिकाटी या विषयावर तासभर भाषण केलं. पावणेसहाला सत्ताविसावा प्रोग्राम झाला आणि तंत्रज्ञाने धूम ठोकली.

"नाटक सुरू झालंय," शाळेचा दरवान म्हणाला. "मधूनच कसं सोडू? उद्या परत आहे, पहिल्यापासून बघा."

"मला मधूनच बघायचंय हो!" म्हणत तो दरवानाच्या हाताखालून आत घुसला.

लेकीने त्याला पाहिलं आणि ती वाक्यच विसरली. पडद्याआडून शिक्षिका कुजबुजल्या, "पहिल्यापासून घे, पहिल्यापासून!"

लेकीने नकारार्थी मान हलवली आणि जिथे अडकली होती तिथून पुढे सुरू केलं. बापाने इतक्या जोरात टाळ्या वाजवल्या की नाटक पुन्हा थांबलं, आणि तेही तिथूनच पुढे गेलं.

त्या कार्यालयाला तुम्ही खुशाल हसा. फक्त तुमचं ते सकाळचं फिरणं, जे नऊ दिवस चाललं आणि एका सर्दीने मोडलं, ते उद्या दहाव्या दिवसापासून पुढे चालू करणार आहात, की साहेबांसारखी नव्याने सुरुवात करायला तुम्हीही सोमवारची वाट बघताय?