लाल दिवा आणि सासूबाईंचं भाषण

जुना व्हीसीआर नव्या टीव्हीला जोडणं हा आपल्या डाव्या हातचा मळ आहे, असं मी सासऱ्यांना फोनवर ठणकावून सांगितलं. नसतं सांगितलं तर बरं झालं असतं.

सासूबाई शाळेतून निवृत्त झाल्या तेव्हाच्या निरोप समारंभाची एकुलती एक कॅसेट होती. त्या गेल्यापासून सासऱ्यांनी त्यांचा आवाज ऐकला नव्हता. व्हीसीआर चादरीत गुंडाळून, तान्हं मूल आणावं तसा ते घेऊन आले. सोबत मेव्हणी. कॅसेट भाषणाच्या जरा आधी लावून ठेवलेली होती.

"दुकानातून कॉपी करून घेऊ या ना," बायको म्हणाली.

"तीन वायरींसाठी दुकान कशाला?"

नव्या टीव्हीला त्या तीन वायरींची भोकंच नव्हती. मग मी बाजारातून जुन्या वायरी नव्या टीव्हीला जोडणारी एक डबी आणली आणि टीव्हीमागे डोकं घालून दिसेल त्या भोकात वायरी खोचल्या. सासरे चष्मा पुसून समोर बसले. मी प्ले दाबलं. पडद्यावर 'सिग्नल नाही'.

थोडा वेळ वाट पाहून मी शेजारचं बटणही प्लेसोबत दाबलं. एक दिवा लागला.

"भाऊजी, हा लाल दिवा कसला?"

"चालू असल्याचा. ऐका, टेप कशी मस्त फिरतेय!"

टेप खरंच फिरत होती. मी टीव्ही बंद केला, चालू केला, डबी हलवली, दोन थपडाही मारल्या. शेवटी मेव्हणी मोबाइलचा उजेड घेऊन मागे वाकली.

"भाऊजी, वायरी व्हीसीआरच्या 'इन'मध्ये आहेत. चित्र बाहेर यायचं तर 'आउट'मध्ये नकोत का?"

तिने वायरी बदलल्या, कॅसेट मागे घेतली आणि सासूबाई दिसल्या. त्या मंचावर चढल्या, माइक जवळ ओढला, पहिल्या रांगेकडे पाहून हसल्या, तोंड उघडलं आणि पडदा कोरा झाला. कोराच राहिला. लाल दिवा रेकॉर्डिंगचा होता. टीव्हीशी झटापट चालली होती तितका वेळ मी भाषण पुसत होतो.

मला सासऱ्यांकडे बघवेना.

"जाऊ द्या हो," सासरे म्हणाले. "त्या भाषणात तिने माझीच खरडपट्टी काढली होती. पुसलं गेलं ते बरं झालं."

मला केवढा धीर आला! पाणी आणायच्या निमित्ताने मी स्वयंपाकघरात गेलो. बायको ओट्याकडे तोंड करून उभी होती.

"आईने बाबांचे आभार मानले होते," ती म्हणाली. "सगळ्या शाळेसमोर. घरात कधी मानले नव्हते."

पाण्याचा पेला घेऊन मी बाहेर आलो. सासरे पुन्हा मंचावर चढणाऱ्या सासूबाईंना पाहत होते. त्या हसल्या तसे ते मेव्हणीला म्हणाले, "इथे थांबव."

मी लगबगीने बटणाकडे हात नेला.

"तुम्ही नको," सासरे अगदी मऊ आवाजात म्हणाले. "ती करेल."